मुठींचं पोतं

ती. आईस,
प्रभूच्या नावात तुझ्या शलोमीचा सलाम.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू रडायला लागतेस, म्हणून लिहितेय. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा तुला फोन येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक. मी त्यांना घराबाहेर काढलं.

तुझ्या जावयाची काळजी करू नकोस. अमोसच्या पायाचं हाड जुळतंय, महिन्याभरात प्लास्टर निघेल. तोवर त्याची रिक्षा बंद, म्हणून दोन महिने आम्ही चर्चला कमाईचा दशांश दिला नाही. परवा पाळकसाहेब भांडुपला आले, प्रार्थना केली, घरातल्या शेवटच्या दुधाचा चहा प्यायले आणि म्हणाले, "दशांश चुकवलात, म्हणून देवानं पाय मोडला."

अगं, पाय आधी मोडला, दशांश नंतर थांबला! आणि अमोस मान खाली घालून माफी मागत होता. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि दार दाखवलं.

तू रोज भाकरीच्या पिठातून चर्चसाठी एक मूठ बाजूला काढायचीस. आप्पा अंथरुणाला खिळले, त्या वर्षी आपले जुने पाळक सगळ्या घरांच्या मुठींचं पोतं सायकलवर लादून आपल्याच दारात आले होते. अशा चर्चला मी पोटाला चिमटा काढून देईन. पण भीती घालून मागितलं, तर एक रुपया नाही.

तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या संपल्या असतील तर लाजू नकोस, सांग.

आणि त्यांचा फोन आला तर माझ्या वतीने माफी मागू नकोस. फक्त विचार, दोन महिन्यांत शलोमीच्या घरी काय शिजलं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?

तुझीच तापट,
शलोमी