चक्कीला दिलेलं नाव

१४ जानेवारी १८८६. ग्रेसफील्ड मळा.

आले बाई एकदाची नवऱ्याच्या घरी! सेंट जॉन्स शहराहून बैलगाडीनं येताना हाडं पार खिळखिळी झाली, आणि कॉबी शेजारी बसून सारखा विचारत होता, बर्डी, पाणी देऊ का, बर्डी, ऊन लागतंय का. जशी काही मी काचेची आहे. निघताना माझ्या धाकट्या बहिणीनं, डॉटनं, रडून नुसता गोंधळ घातला. तिला म्हटलं, अगं वेडे, मी काही समुद्रापलीकडे चालले नाही, याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला चाललेय. शिवणाचं बघ, आणि पाद्रीणबाईंच्या झग्याची बाही पुन्हा उलटी लावू नकोस.

टेकडीवरची चक्की लांबूनच दिसली. दगडी बुरूज, खाली रुंद, वर निमुळता, आणि चार लांब हातांवर शिडं. कॉबी तिथला सारंग. शिडं चढवायची, उतरवायची, वारा फिरला की मागचा लांबलचक वासा माणसांकडून ढकलून घेऊन चक्कीचं अख्खं डोकं वाऱ्याकडे वळवायचं, हे सगळं त्याच्या हुकमावर चालतं. नवऱ्याचा रुबाब बघून मी मनातून फुगले, खोटं कशाला बोलू!

सासूबाई, मा तिलदा, दारातच उभ्या होत्या. मला पोटाशी धरून इतक्या रडल्या की मलाच अवघडल्यासारखं झालं. शेजारणींनी मक्याच्या पिठाची फंगी, भेंडीचं कालवण, खारवलेला मासा असं काय काय आणून ठेवलं होतं. त्यांतली ल्युसीना भारी फटकळ आहे. म्हणाली, "खा गं हाडकुळे, चरकात ऊस सारायला अंगात जोर लागतो." सगळ्या खो खो हसल्या. आपली हिच्याशी जमणार.

१९ जानेवारी.

ऊसतोड अजून सुरू व्हायची आहे, म्हणून आज मांनी मला चक्की दाखवली. दाखवली म्हणजे काय, स्वतः दारापाशीच थांबल्या आणि मला आत पाठवलं. मधोमध तीन उभे लोखंडी रूळ, हाच तो चरक. एका बाजूनं ऊस सारायचा, दुसऱ्या बाजूनं चिपाडं ओढून घ्यायची. रस पन्हळीतून थेट कढईघरात जातो. मांनी जन्मभर इथं ऊस सारला, पण यंदापासून त्यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी मी.

गुलामीच्या दिवसांत ही चक्की उभी राहिली. मांच्या आजीनं यातले दगड किनाऱ्यावरून डोक्यावर वाहिले. चुन्यात काकवी घालून मळायचे, आणि भुकेली पोरं ती काकवी बोटानं चाटायची, तर मुकादम चाबूक उगारायचा. त्या काळी माणसांचं नावसुद्धा मालक ठेवायचा. म्हणूनच आमच्यात अजून खरं नाव चारचौघांत कुणी घेत नाही. पाद्री, आईबाप, भावंडं, आणि लग्न झालं की नवरा, एवढ्यांनाच ते ठाऊक. बाकीच्यांना टोपणनाव. मी तर या वहीतही माझं खरं नाव लिहीत नाही. उगाच कुठल्या भुताच्या कानी जायला नको.

मांना विचारलं, आत का आला नाहीत? म्हणाल्या, गुडघे दुखतात.

२६ जानेवारी.

आज पहिला ऊस! सकाळीच शिडं भरली आणि चक्की अशी गरगरली की टेकडी थरथरायला लागली. मी आणि ल्युसीना ऊस सारत होतो. हात सवयीचे व्हायला वेळ लागेल, पण जमतंय. ल्युसीना ओरडायची, "बोटं मोजून ठेव गं बाई, संध्याकाळी परत मोजू!"

दुपारी एक गंमत झाली. वारा भरपूर, शिडं फुगलेली, आणि चक्की गप्पकन थांबली. सगळे एकदम चिडीचूप. ल्युसीनासुद्धा! कॉबी आत आला, रुळाला तोंड लावून काहीतरी पुटपुटला, आणि चक्की सुरू. मी हसून विचारलं, काय रे, बायको सोडून रुळाशी गुलुगुलु बोलतोस? तो म्हणाला तेल घालत होतो. पण त्याच्या हातात तेलाचं भांडं नव्हतं.

२ फेब्रुवारी.

आज चरकातून माझं नाव ऐकलं. बर्डी नाही. खरं नाव.

आधी वाटलं, भास असेल. रूळ करकरतात, त्यात माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं. पण पुन्हा आलं. बाईचा आवाज, घशात चिपाडं अडकल्यासारखा. ल्युसीनाला विचारलं, काही ऐकलंस का? तिनं मान खाली घातली आणि ऊस सारत राहिली. एरवी जिची जीभ टाळ्याला लागत नाही, ती!

घरी येऊन कॉबीला सांगितलं. तो म्हणाला, ऊन लागलं असेल, डोक्याला ओलं फडकं बांधत जा. एवढंच. घाबरला नाही, हसला नाही. इथं माझं खरं नाव एकट्या त्याला ठाऊक आहे. लग्नाच्या दिवशी मीच लाजत लाजत त्याच्या कानात सांगितलं होतं.

नको ते मनात येतंय. नवरा आहे तो माझा.

५ फेब्रुवारी.

वारा असूनही चक्की परवापासून बंद. तोडलेला ऊस ढिगानं पडलाय, आंबल्याचा वास सगळ्या मळ्यावर पसरलाय. रस नाही तर साखर नाही, साखर नाही तर कुणाच्याच घरी चूल नाही. सगळे माझ्याकडे बघतात.

आज दुपारी काय झालं ते लिहिते. मी परसात कपडे वाळत घालत होते, हे मला पक्कं आठवतंय. मग एकदम पायाखाली चिपाडं. मी चरकापाशी उभी, आणि माझा हात दोन रुळांच्या फटीत. रूळ हळूच हलले. मी हिसका दिला. हात सुटला, बाही आत गेली.

भोवती सगळे होते. रोज माझ्या पानात वाढणारे. कुणी पुढं झालं नाही. ल्युसीना जमिनीकडे बघत होती. आणि माझा नवरा, माझा कॉबी, पाठ फिरवून शिडाची दोरी सोडवत बसला होता.

७ फेब्रुवारी.

मांनी आज सगळं सांगितलं. मी त्यांचे पायच धरले तेव्हा.

चक्की नवी होती तेव्हा एक बाई चरकात सापडली. चक्की थांबवली तर रस फुकट जाईल, म्हणून मुकादमानं थांबवू दिली नाही. मालकानं ठेवलेलं नाव ती कधी लावून घ्यायची नाही, आणि तिचं खरं नाव दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. बाईबरोबर तेही गेलं. तेव्हापासून ती इतरांची नावं मागते. एकदा हाक सुरू झाली की जिचं नाव घेतलं ती येईपर्यंत चक्की फिरत नाही. फिरली तरी थोडाच वेळ, चव घेतल्यासारखी. सुटका एकच. आपल्याला विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्या कुणाचं खरं नाव तिला द्यायचं.

गेल्या हंगामाच्या शेवटी ती मांना हाका मारू लागली होती.

आता कळलं मला. कॉबीनं बायको केली नाही, नाव आणलं. शहरात हिंडून, चर्चमध्ये माझ्या बाकावर शेजारी बसून, माझ्या शिवणाचं कौतुक करून— अरे, केवढं रे माझं हसू केलंस!

मांना हे मी गाडीतून उतरले तेव्हाच कळलं होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला जगायचं होतं गं."

८ फेब्रुवारी.

पहाटेच सेंट जॉन्सच्या रस्त्याला लागले. समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहिले, एकदाही वळले नाही. ऊन वर आलं तेव्हा मान उचलून पाहिलं तर समोर चक्कीचं दार.

कॉबी दारात होता. त्याला बोचकारलं, शिव्या दिल्या, तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आई आहे ती माझी, मी तरी काय करणार होतो? मी विचारलं, आणि मी कोण होते रे? तो शिडाची दोरी गुंडाळायला लागला.

९ फेब्रुवारी.

मलाही त्याचं खरं नाव ठाऊक आहे. लग्नाच्याच दिवशी त्यानंही माझ्या कानात सांगितलं होतं. रात्रभर त्याच्यावर माया उरलीय का ते चाचपत बसले. उरलीय, मेली. पण जीव माझाही आहे.

सकाळी चक्कीत गेले. रुळाला तोंड लावून त्याचं नाव सांगितलं. एकदा, मग मोठ्यानं, मग किंचाळून.

काही नाही. मग आतून हाक— माझीच.

मा बाहेर उभ्या होत्या. मी काय ओरडले ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, हे त्याचं नाव नव्हे पोरी, त्याच्या पाठच्या भावाचं, पाळण्यातच गेला तो.

म्हणजे लग्नाच्या दिवशी मी माझा जीव त्याच्या ओंजळीत ठेवला, आणि त्यानं माझ्या ओंजळीत एक मेलेलं पोर—

मांना म्हटलं, खरं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही सांगा. तुमच्या जागी मी आले ना? सांगा! त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मी आई आहे गं त्याची." आणि घरी निघून गेल्या.

११ फेब्रुवारी.

हाक थांबत नाही. जेवताना, पाणी पिताना. माझे पाय— मीच खाटेला बांधलेत.

ती आता वेगळंच म्हणते. दुसरं दे. दुसरं दे—

दुसरं आहे माझ्याकडे. डॉटचं. मी ते पाळण्यापासून—

नाही. मेले तरी नाही.

१२ फेब्रुवारी.

मघाशी तोंडातून तिच्या नावाचं पहिलं अक्षर निघालं. माझ्या तोंडातून. मी जीभ चावली. रक्त—

बाहेर शिडं चढवतायत. कॉबीचा आवाज येतो. ओढा, म्हणतोय, ओढा. तयारी चाललीय माझी.

दुपार.

पाय सोडले, चक्कीकडे जायला. डोक्याचा रुमाल तोंडात कोंबलाय, वरून शिवणाच्या पट्टीनं घट्ट बांधलाय. आता नाव निघणार नाही. निघालं तर माझंच काय ते—

वही खाटेवर ठेवते. कॉबी, ही तुलाच सापडेल. माझ्याकडे पण कुणीतरी होतं रे, जिचा जीव देऊन माझा वाचवता आला असता. तुझ्यासारखंच नाव माझ्याही तोंडाशी आलं होतं. पण मी ते दिलं नाही—