सातवा शिपाई

मंगळवार, १२ मार्च १९७४

गावच्या हॉलमधलं कपाट आवरताना आज एक फोटो सापडला — आणि मी एकटीच खो खो हसत सुटले! मागे धक्का, आगबोट. पुढे आपल्या स्कॉटिश पलटणीचे, गुडघ्यापर्यंत चौकड्यांचे किल्ट घातलेले सात शिपाई. मागच्या बाजूला शाईनं लिहिलंय १९१७. सहा जण ताठ, रुबाबदार. सातव्याचा किल्ट पार पोटऱ्यांपर्यंत, हात कोटाच्या बाह्यांत गडप, आणि टोपीखालून डोकावतेय वेणी! बाईच ती!

शेजारी लाकीकाका. वडिलांचे थोरले भाऊ. त्याच वेळी फ्रान्सला लढाईवर गेले ते गेलेच. मी त्यांना कधी पाहिलंच नाही.

१४ मार्च

फोटो दुकानात लावला, टपालखिडकीच्या शेजारी. खाली चिठ्ठी — ‘हा शूर शिपाई कोण? ओळखा आणि शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा न्या!’

दिवसभर गर्दी. होडीवाला मर्डो म्हणतो, "याला बघून जर्मन हसून हसूनच मेले असतील!" माझी मैत्रीण जेसी, तिच्या तर हसून डोळ्यांतून पाणी. साप्ताहिकाच्या माणसालाही एक प्रत धाडली.

१५ मार्च

डोलिना मॅकॅस्किल आली होती. पंचाहत्तरीची आहे, वर टेकडीवर एकटीच राहते. ओटचं पीठ मागितलं. मी पुडा बांधेपर्यंत फोटोपुढे उभी होती. वळून बघते तर पुडा तिथेच, ही गेलेली. वय झालं बिचारीचं.

२१ मार्च

छापून आला! पहिल्या पानावर! खाली माझं नाव — ऊना मॅथेसन, दुकानदार. जेसीनं केक आणला.

२२ मार्च

हे लिहिताना कान तापलेत.

दुपारी गावातले म्हातारे ह्यूईकाका काठी आपटत आत आले. फोटोतल्या शिपायांपैकी ते एकटेच उरलेत. कुणाशी बोलले नाहीत. सरळ फोटो भिंतीवरून उतरवला आणि माझ्यापुढे टाकला.

"झालं हसून?"

"काका, गंमत म्हणून —"

"गंमत! अगं, ती डोलिना आहे. सतरा-अठराची पोर."

दुकानातली माणसं एकेक करून निघून गेली. मी दार लावलं, काकांना खुर्ची दिली. मग ते बोलले. डोलिनाचा भाऊ आयन त्यांच्याच तुकडीतला. सातही जण रजेवर आले होते, रजा संपली, बोट धक्क्याला लागली. सार्जंट माणसं मोजायला उभा. आणि आयनच्या कपड्यांत आली ही!

"आम्ही सहा जणांनी ओळखलं. कुणी ब्र काढला नाही. सार्जंट बाहेरगावचा, त्यानं डोकी मोजली — सात! म्हणजे आयनला शोधायला कुणी गेलंच नाही. तेवढ्यात फोटोवाल्यानं उभं केलं. तुझा लाकी तिला लपवायला पुढे सरकला, दिसतंय ना? पुढच्या धक्क्यावर ती पिशवीतला झगा घालून उतरली, चालत घरी गेली."

"आणि आयन?"

"लपला! लढाई संपेपर्यंत डोंगरात. मग परस्पर कॅनडाला. भित्रा! बहिणीला पुढे केलं त्यानं. आम्ही गेलो, चौघं मातीत राहिले, लाकीसुद्धा. आम्ही दोघं परत आलो, पण तोंड उघडलं नाही. त्या भित्र्यासाठी नाही. त्या पोरीसाठी."

गावाला एवढंच ठाऊक होतं की आयन लढाईला गेला आणि परत आला नाही. आणि मी त्यावर शॉर्टब्रेडच्या डब्याचं बक्षीस लावलं होतं!

२३ मार्च

जेसीला सांगून बसले. "कुणाला बोलू नकोस हं," असंही म्हणाले वर. माझी जीभ!

रविवार, २४ मार्च

प्रार्थनेला गेले. डोलिना आपल्या नेहमीच्या बाकावर. त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. जॉर्जिनाचा बाप लढाईत गेलेल्या त्या चौघांतला — ती आली, थांबली, पलीकडे जाऊन बसली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "पळपुट्याची बहीण." हळू नाही, ऐकू जाईल असं.

मी काय केलं? मीसुद्धा मागेच बसले. तिच्या शेजारी जागाच जागा होती. पाय उचलला नाही.

२५ मार्च

ओटचं पीठ घेऊन टेकडीवर गेले. धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे घरात होती. दार उघडलं नाही.

"डोलिनामावशी, मी ऊना. चुकले मी."

आतून आवाज आला, "पीठ पायरीवर ठेव."

ठेवलं. उभी राहिले. अजून काही म्हणेल असं वाटलं — म्हणजे माफ केलं असं म्हणेल! तेवढ्यासाठीच गेले होते की काय मी? उतरताना स्वतःचीच किळस आली.

२६ मार्च

फोटो पुन्हा छापू नका म्हणायला साप्ताहिकाला फोन केला. म्हणे, लोकांना फार आवडला!

२८ मार्च

डोलिना आली. दुकान भरलेलं, ह्यूईकाका तंबाखू घेत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्यूई, आयनला भित्रा म्हणालास तू?"

काका तंबाखूचे पैसे मोजत राहिले.

"त्याला जायचं होतं रे. बूट घासून ठेवले होते त्यानं. मीच व्हिस्की पाजली. कपडे काढून घेतले, मेंढ्यांच्या खोपीत घातला आणि बाहेरून कडी लावली. तो सुटला तेव्हा बोट लांब गेली होती, आणि कागदोपत्री तो बोटीवर चढून पळालेला. मग कुठल्या तोंडानं जाणार होता परत? माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलला नाही तो. कॅनडात मेला, तोवर नाही."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

मग मी आतून खुर्ची आणली. ती बसली नाही.