वासू मला ओळखतो

२ नोव्हेंबर १९१२, जोयडा
चार महिने या वहीत अक्षर लिहिले नाही, याची लाज वाटते. कारण सबळ आहे: वासू झाला. (खरे तर त्याचे सगळे अनुसयाच पाहते. मी फॉरेस्ट खात्यात; जंगलात टूरवर असतो.)
काल वीस दिवसांनी घरी आलो. मला पाहून वासूने भोकाड पसरले. नागू पट्टेवाल्याकडे पाहून हसला. अनुसया म्हणाली, नागू रोज दिसतो. मुद्दा बिनतोड. आवडला नाही.
१७ तारखेला मेहुणे भिकाजी खानापुराहून येणार. त्यांच्यादेखत पोराने बापाला ओळखलेच पाहिजे. पंधरा दिवस पुष्कळ झाले. मी बी.ए. आहे.

५ नोव्हेंबर
टाइमटेबल केले. रोज तीनदा पाच मिनिटे माझा चेहरा पाळण्यावर धरायचा. तिन्ही वेळा रडला. प्रगती: तिसऱ्यांदा जरा उशिरा.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
यश. कचेरीतून येताच तोंडभर हसला. हातपाय धुऊन परत गेलो, तर रडला. बहुधा भूक.

१० नोव्हेंबर
भूक नव्हे. हातपाय धुताना मी पागोटे उतरवतो. मुले आधी डोक्याचा आकार ओळखत असावीत, नाकडोळे मागाहून. यापुढे घरातही पागोटे. अंघोळीलाही का, असे अनुसयेने विचारले. तिचा सूर संशोधनाला पोषक नाही.

१४ नोव्हेंबर
मन खाते. हसू माझे की पागोट्याचे? कुळगीचा उमाजी बांबूच्या परवान्यासाठी आला होता. वासूने त्याला कधी पाहिलेले नाही. माझे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. वासू हसला.
"लेकरू गुणाचं हाय, सायब," उमाजी म्हणाला. "माणसं वळखतंय."
परवाना ताबडतोब देऊन वाटेला लावला. त्याचे नाक थोडे माझ्यासारखे आहे, हे नोंदवतो.

१७ नोव्हेंबर
भिकाजी आले. पागोटे घालून, त्यांना घेऊन पाळण्यापाशी गेलो. शेजारी पाटावर मोठा भोपळा. त्यावर माझे जुने पागोटे, काजळाने काढलेले दोन डोळे. वासू त्याच्याशी गप्पा मारत होता. तुम्ही टूरवर असता, तुमची ओळख राहावी म्हणून दहा दिवस, तुम्ही कचेरीत गेलात की ठेवतेय, असे अनुसया खाली बघत म्हणाली.
मी वाकलो. वासूने माझ्याकडे पाहिले, भोपळ्याकडे पाहिले, आणि भोपळ्याकडे हात केले.
"बापाला बरोबर वळखलंय की, दाजी," भिकाजी म्हणाले. "तुम्ही जरा बाजूला व्हा."
मी भोपळ्यावर जळतो काय? स्वतःला कसून विचारले. होय. चिरून भाजी करायला सांगावी, असेही मनात आले. पण परवा पुन्हा टूर. वीस दिवस.
उद्या: भोपळ्याला माझ्यासारख्या मिशा काढणे.