आधी भाषा, मग पार्किंग

२ ऑगस्ट, रविवार
सोसायटीच्या कमिटीची मीटिंग. मी सेक्रेटरी, त्यामुळे बोललो मीच. मोटारी एकोणीस, जागा अठरा. दर सप्टेंबरच्या सभेत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात. ज्याची चिठ्ठी शेवटी डब्यात उरेल त्याची गाडी वर्षभर रस्त्यावर. आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच की अमक्याची चिठ्ठी वेगळी दुमडली होती.
जाहीर करून टाकलं : यंदा सोडत कॉम्प्युटरवर. प्रोग्राम मी लिहिणार.
चेअरमन भीमराज जाधव म्हणाले, सामंत, तुम्हाला प्रोग्रामिंग येतं? म्हटलं, येईल. सभेला अजून वेळ आहे.

३ ऑगस्ट
खरं कारण इथं लिहून ठेवतो. गेल्या वर्षी डब्यात उरलो ते आम्ही. त्यात जूनमध्ये रेवतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडीपर्यंत जायला तिला काठी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालावं लागतं, आणि ते मला बघवत नाही. लिफ्टजवळची चार नंबरची जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. सध्या ती पाचव्या मजल्यावरच्या यज्ञेशकडे आहे. वय तीस, गुडघे ठणठणीत.
प्रोग्राम अर्थात प्रामाणिकपणेच लिहिणार. तशी नोंद.

४ ऑगस्ट
पहिला प्रश्न : भाषा कुठली? घाई करणार नाही. लग्नासाठी स्थळं बघतात तशा बघणार. रेवती म्हणाली, तुम्ही तर एकच स्थळ पाहिलं होतं. म्हणूनच या वेळी नीट बघतोय, असं तोंडावर आलं होतं. आवरलं.

८ ऑगस्ट
देवव्रतला फोन. भाचा, अंधेरीला आयटीत आहे. म्हणाला, मामा, बनवायचंय काय ते सांग. सोडत? मग जावास्क्रिप्ट घे ना यार, ब्राउझरमध्येच चालतं, आजच बस. मी विचारलं, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये थोरली कोण? तो बराच वेळ हसला.
ज्या भाषेवरून भाचा मामाला हसतो ती घरात आणणार नाही. दोन्ही बाद.

११ ऑगस्ट
आज सुरुवात करणार होतो. पण उद्या अमावस्या. लॅपटॉपसाठी बॅग आणली, झकास आहे. लॅपटॉप घराबाहेर जात नाही, पण उद्या जावं लागलं तर?

१६ ऑगस्ट, रविवार
घाटकोपरला एका क्लासचं फुकट डेमो लेक्चर. सर म्हणाले, आधी सी शिका, पाया पक्का होतो. पटलं. पाया पाहिजेच. तिथून दोन गल्ल्या सोडून दुसरं डेमो लेक्चर. तिथले सर म्हणाले, सी आता कोण विचारतो? तेही पटलं. समोसा दुसऱ्यांचा चांगला होता.

२१ ऑगस्ट
लिफ्टमध्ये यज्ञेश भेटला. त्याला विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण आमची लिफ्ट फार हळू चालते. म्हणाला, काका, पायथन घ्या. पहिल्या दिवशी फक्त स्वतःचं नाव स्क्रीनवर आणायचं, बस. पुढं सोडतीचं काम दहा ओळींचं. या ना घरी, अर्धा तास बसू.
दहा ओळी! ज्या पार्किंगवरून या बिल्डिंगमध्ये माणसं एकमेकांच्या बारशाला गेलेली नाहीत, ते दहा ओळींत? चार नंबरवर गाडी लावणाऱ्याला सगळंच सोपं वाटणार. आणि माझं नाव मला माहीत आहे. ते स्क्रीनवर बघायची गरज नाही.
पायथन बाद. फार सोपी आहे.

३० ऑगस्ट
शास्त्रीय पद्धतीनं गेलो. एक्सेलमध्ये तक्ता केला : उभ्या भाषा, आडवे निकष. सोपेपणा, भवितव्य, प्रतिष्ठा वगैरे. प्रत्येकीला मार्क दिले, बेरीज केली. पायथन पहिली आली. तक्त्यात चूक होती. सोपेपणाचे मार्क कमी केले, प्रतिष्ठेचे वाढवले. आता पायथन चौथी.
रेवती मागून बघत होती. म्हणाली, एवढं एक्सेल येतंय तर सोडत त्यातच काढा ना. तिला या कामाचा आवाका अजून कळलेला नाही.

५ सप्टेंबर
निर्णय झाला. रस्ट. सगळे म्हणतात भविष्य तिचं आहे, आणि सगळे म्हणतात फार अवघड आहे. म्हणजे नक्कीच चांगली असणार. जाडजूड पुस्तक मागवलं. लॅपटॉप त्याच्यावर ठेवला की मान अजिबात दुखत नाही.

९ सप्टेंबर
रस्ट रद्द. इन्स्टॉल करताना काहीतरी परवानगी मागत होती, हो की नाही. न समजता होकार देणं माझ्या स्वभावात नाही. नाही दाबलं. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही.

१४ सप्टेंबर
गणपती. काम बंद.
यज्ञेश दर्शनाला आला. विचारलंन, काका, भाषा ठरली? म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. रविवारी मी बसतो तुमच्याबरोबर, म्हणाला. सांगितलं, सेक्रेटरीनं निःपक्षपाती राहायला हवं, चार नंबरवाल्याची मदत घेता येणार नाही. त्यानं मोदक घेतला आणि आत रेवतीशी बोलत बसला. लॅपटॉपवर कसले फोटो दाखवत होते कोण जाणे. मी आरतीच्या तयारीत.

२० सप्टेंबर
सभेची नोटीस लावली. नियम माझे : सोडतीचा निर्णय अंतिम राहील, कोणतीही हरकत कोणत्याही कारणास्तव चालणार नाही. नोटिशीची भाषा तरी पक्की झाली. भीमराज म्हणाले, कडक आहे हो. कडक नको तर काय, माणसं ओळखून आहे मी.

२६ सप्टेंबर, शनिवार
सभा उद्या. भीमराजांनी डेमो मागितला. त्यांना शांतपणे समजावलं की तंत्रज्ञान लोकांवर लादू नये. भाषांचा अभ्यास पूर्ण झाला आहे, पण यंदाचं वर्ष संक्रमणाचं. ते म्हणाले, म्हणजे चिठ्ठ्या. म्हटलं, म्हणजे चिठ्ठ्या.
मात्र या वेळी चिठ्ठ्यांत खोट निघणार नाही. पट्टी घेऊन स्वतः कापल्या, एका मापाच्या. सगळ्यांची नावं स्वतः लिहिली. यज्ञेशचंही, तितक्याच ठसठशीत अक्षरात. घडी सगळ्यांची एकसारखी. रेवती म्हणाली, मोजून घेऊ का? म्हटलं, तू पाय वर करून बस, मला आता प्रोसेस कळते.

२७ सप्टेंबर, रविवार
सभा झाली. तळमजल्यावरचे अण्णा वयानं सगळ्यांत मोठे, ते डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढत होते. घडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चार नंबर भीमराजांना गेला. हरकत नाही, पाच होता, सहा होता. मग तेही गेले. अठराव्या जागेची चिठ्ठी निघाली, ती यज्ञेशची. अण्णांनी शेवटचं नाव वाचायला पुन्हा हात घातला. डबा चाचपला. उलटा केला. म्हणाले, रिकामा आहे रे.
भीमराज म्हणाले, सामंत, तुमची चिठ्ठी कुठंय?
मी सगळ्यांची लिहिली होती. माझी लिहिली नव्हती.
यज्ञेश म्हणाला, फोनवर परत काढू ना, एक मिनिटाचं काम. ज्यांना लिफ्टजवळ जागा मिळाली होती त्यांनी माझी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. कोणतीही हरकत, कोणत्याही कारणास्तव. मसुदा खरोखर पक्का होता.
रेवती मागच्या खुर्चीवर होती. काठी घेतली आणि उठली. मला फार वाईट वाटलं.

२८ सप्टेंबर
गाडी कोपऱ्यावर, बदामाच्या झाडाखाली. वर कावळे आहेत.
सकाळी रेवतीला फिजिओथेरपीला नेलं. कोपऱ्यापर्यंत चालली. माझा हात धरला नाही.
परत आल्यावर तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. स्क्रीनवर प्रोग्राम लिहायची काळी खिडकी उघडी होती. गणपतीच्या दिवशीच यज्ञेशकडून सगळं घालून घेतलं होतं म्हणे, मला सांगितलं नाही कारण मी तक्त्यात होतो. म्हणाली, आधी स्वतःचं नाव लिहा. कसं लिहायचं ते तिनंच दाखवलं. लिहिलं, बटण दाबलं.
भाऊराव दत्ताराम सामंत.
एका ओळीत आलं. रेवती म्हणाली, शनिवारी एवढंच लिहायचं होतं, आणि चहा टाकायला गेली.
भाषा कुठली होती, ते विचारायचं राहिलं.