निलेशच्या लॅपटॉपवरचं कुंकू

मुरबाड, दसरा, २००८

सापगावला काकांकडे जाऊन आलो. कमी पैशात गेम खेळायला टिकाऊ लॅपटॉप कुठला, ते महिनोन्महिने शोधलं मी आणि घेतला चुलतभावाने, निलेशने! ग्राफिक कार्ड काय असतं ते तरी ठाऊक आहे का त्याला?

आज काकीने तो विळ्या-कोयत्याशेजारी पाटावर उघडून ठेवला आणि चिमूटभर कुंकू वाहिलं, थेट बटणांवर.

"काकी, आत जाईल ना!" मी ओरडलो. निलेश नुसता हसत बसला. शेवटी मीच लॅपटॉप उलटा धरून फुंकला, माझ्या रुमालाने पुसला.

"बघा, सोताचा असल्यासारखा जपतोय," काकी म्हणाली. असा जळलो!

घरी आईने रुमाल धुवायला मागितला. नाय दिला. तेवढं कुंकू तरी माझ्याकडे राहू दे.