उताराचं वावर

प्रिय ज्ञानेश्वरी,

तिकडं ब्रनोत बर्फ पडायलाय म्हणालीस. इकडं येलदरी धरणाचं पाणी सुटलंय, गहू हिरवागार आहे आणि मी ठणठणीत.

तुझ्या प्रबंधातली, तू पाठवलेली तिकडच्या गावांची यादी भिंतीवर चिकटवलीय. ब्रोद, ब्रोदेक, ब्रोदी. तीस वर्षं जिंतूरच्या एसटीवर कंडक्टर होतो ना, परवा पारावर तीच नावं थांब्यासारखी पुकारली, "चला, ब्रोदवाले उतरा!" शेजारचा गोपाळ हसून हसून लोळला. मग त्याला समजावलं, ब्रोद म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, आपला उतार. मूळ शब्द लय जुना, कुणीच लिहून ठेवलेला नाही. आजच्या भाषांवरून अन् गावांच्या नावांवरून जुळवलाय, म्हणून लिहिताना त्याच्या आधी चांदणीची खूण करतात. तर म्हणतो, "म्हंजी बापाचा फोटो न्हाई, पण लेकरांच्या नाकावरून वळखायचा!" तुझ्या सरांना सांग हे.

ह्याच गोपाळनं आठ दिवसांमागं 'उताराच्या वावरात' विहीर खणायला घेतली. वावर तळहातासारखं सपाट, पूर्णा तिथून कोसभर लांब. उतार कसला, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आज सकाळी वीस फुटांवर काळी माती संपली आणि लागली रेती, गुळगुळीत गोटे, शिंपलेसुद्धा! सारं गाव गोळा झालं. नव्वदीच्या सरजाबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "बघता काय? माजी आजेसासू सांगायची, लय मोठ्या पुरात नदी सरकली. त्याच्या आदी बैलगाड्या हितूनच पल्याड जायच्या."

नदी गेली, नाव राहिलं. मी तिथून थेट घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

कारण सोमवारी फोनवर तू रडत होतीस. यादीतल्या एका ब्रोदजवळ नदीच नाही, म्हणून सरांनी प्रबंधाचं अख्खं प्रकरण नाकारलं. सगळं सोडून घरी येते म्हणालीस. मी लगेच 'ये' म्हणालो. तुझं खरं की सरांचं, एवढंही विचारलं नाही. तुझी आई गेल्यापासून मी दोन भाकरी थापतो आणि एक उरते. मला हवं तेच तू बोललीस, बाई, म्हणून घाई केली.

तो 'ये' मी मागे घेतो. त्या गावी जा. म्हाताऱ्यांजवळ बस, विहिरी खणणाऱ्यांना गाठ. नदी सापडो न सापडो, शोधल्याशिवाय येऊ नकोस. हे फोनवरच सांगणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की तोंडातून परत 'ये'च निघालं असतं, म्हणून लिहिलं.

तुझाच,
आबा