शिवलेलं पान

ता. ४ जुलै

पुस्तक पाठवायचं तर धड पाठवावं. शेवटचं पान दोऱ्याने शिवून टाकलंस, हा कुठला चावटपणा? तुझ्या आजोबांना दिसत नाही, म्हणून मी बोट ठेवत मोठ्याने वाचलं आणि ऐन वेळी तोंडघशी पडले.

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. गोष्टीतलं कुंभाराचं गाढव जवळचा पूल सोडून रोज लांबून घरी का येतं, असं विचारतेस. अडेल आहे, दुसरं काय? आजोबा म्हणतात, त्या वाटेला त्याची मैत्रीण असेल. या वयात यांना हेच सुचतं.

तुझी पहिलीची पोरं गोष्ट ऐकून नुसती बघत बसतात, म्हणून मोठ्या बाई तो तासच बंद करणार म्हणतेस. त्यावर तुझा हा शिवणाचा उपाय. बघ बाई. दोरा मी कापलेला नाही. माया आहे, ती सारखी लिहायची नसते.

तुझी आजी

ता. १२ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

काल मोठ्या बाई वर्गात मागे येऊन बसल्या. मी वर्गातल्या प्रतीतून वाचत वाचत तशाच शिवलेल्या पानापाशी थांबले आणि विचारलं, गाढव असं का करतं? सगळी पोरं तुझ्याच वळणाची, अडेल म्हणून मोकळी झाली. कशावरून, म्हटल्यावर म्हणे, गाढवच ते. मग आल्यापासून चकार शब्द न काढलेली आमची गप्पूबाई उठली, पुस्तकाची मागची पानं उलटून पुलाचं चित्र दाखवलं. म्हणाली, फटीत घरटं आहे, आणि ओझ्याने पूल हलतो असं तुम्हीच वाचलंत. त्यावर वर्गात भांडणच जुंपलं. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, तास चालू ठेवा, पण दोरा कापताना मला बोलवा.

आता तूही काप. लोभ आहेच, रागही असू दे.

तुझी नात

ता. १८ जुलै

चि. नातीस आशीर्वाद. दोरा कापला. गप्पूबाईचं खरं निघालं. मी अक्षरं जुळवण्यात चित्रं बघितलीच नाहीत, आणि यांना ती दिसत नाहीत. असं आमचं वाचन. यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, या वेळी चित्रांसकट.

आता घरात नवा वाद. पिल्लं उडून गेल्यावर गाढव पुलावरून यायला लागलं का? मी हो म्हणते, हे नाही म्हणतात. पुस्तक त्यावर काहीच बोलत नाही. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस, फक्त लिहून घ्यायचं. उत्तर गप्पूबाईनेच द्यायचं, आणि कशावरून तेही सांगायचं.

आजी